चार जूनची हजेरी

४ ऑक्टोबर, रविवार

आज काझूराचं घर डोलीमंडळातून काढलं. मी वाचलं आणि ते निघालं. इतकं सरळ!

बाग्येंडाकाकांच्या अंगणात सगळे जमलेले. पुरुष एका बाजूला, काठ्या मांडीवर आडव्या. बायका दुसऱ्या बाजूला. (सगळे नव्हते. एकेचाळीस घरांपैकी छत्तीस. खरं ते लिहावं.) काका अध्यक्ष, ते म्हणाले, "चिटणीसबाई, वाच." मी उभी राहिले. वही दोन्ही हातांत धरली, कारण एका हातात धरली की थरथर दिसते.

काझूरा. अकरा फेब्रुवारी, नाही. चार जून, नाही. नऊ सप्टेंबर, नाही.

आजाऱ्याला डोलीनं न्यायला तीन वेळा शिंग वाजलं आणि तीनही वेळा त्या घरातून खांदा आला नाही, निरोपही आला नाही. नियम पोरासोरांनाही पाठ आहे. तीन चुकले की घर गेलं. मग त्या घरासाठी शिंग वाजत नाही. कोणी तापानं फणफणो, कोणी बाळंतीण अडो, डोली उचलायला माणूस येत नाही.

काझूरा बोलायला उठला. तोंड उघडलंही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं त्याची बायको केमिरेंबे खोकली. तो तसाच खाली बसला.

पूर्वी अशा सभा म्हणजे नुसता कल्ला. "मी आलो होतो!" "कुठं होतास रे, दारूच्या मडक्यात?" आई सांगते, एकदा एकाचा दात पडला. आता वही आहे. वहीनं सांगितलं की संपलं. कोणी आवाज चढवत नाही.

बाबा शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या खांदा होता. आता हातही आहे." हात म्हणजे माझा, लिहिता. बाबांना अक्षर येत नाही, पण माझी वही ते रोज फडक्यानं पुसतात.

केमिरेंबेवहिनीचा आठवा सरत आलाय. हे मला वाचताना आठवलं नाही. आता आठवतंय.

५ ऑक्टोबर, सोमवार

नियम मी केलेला नाही. मी फक्त वाचला.

८ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटेच शिंग! वरच्या वाडीतल्या एरियाम्हाताऱ्याच्या सुनेला छातीत कळा.

शिंग ऐकलं की मला अजूनही काटा येतो. टेकडीच्या प्रत्येक पायरीवरच्या शेतातून माणसं उठतात. कोणाच्या हातात कुदळ तशीच, कोणाच्या तोंडात बटाटा तसाच. काबाले शहरातल्या शाळेत असताना मुली विचारायच्या, "तुमच्याकडे रस्ता नाही? मग आजारी माणसं मरतात का?" मी सांगायची, नाही, आमच्याकडे माणसं आहेत! त्यांना कळायचं नाही. विणलेली डोली, दोन लांब बांबू, चार खांदे. चार थकले की दुसरे चार, न थांबता, डोली खाली न टेकवता. खाली पाणथळ, पाणथळापलीकडे चढ, चढावर दवाखाना. दोन तासांची वाट.

पुरुष निघाले की माझं काम सुरू. प्रत्येकजण आपली काठी रुग्णाच्या कुंपणात खोचून जातो, कारण वाटेत हात मोकळे लागतात. कुठली काठी कोणाची हे टेकडीवर आंधळ्यालाही माहीत. साबितीची वाकडी, बाबांची काळी, एरियाच्या मुलाची तारेनं बांधलेली. मी कुंपणाच्या कडेनं चालत जाते आणि काठ्या वाचून नावं लिहिते. मग आम्ही बायका रुग्णाच्या शेतात उतरून त्या घराची खोट भरून काढतो. त्या घरचं काम अडता कामा नये.

आज सत्तावीस काठ्या. एरियाच्या सुनेचा अर्धा वाफा घेवडा निंदून झाला.

आई म्हणाली, "रस्ता नाही म्हणून माणसं आहेत. रस्ता आला की बघू."

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आईच्या खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेले. तिथली नर्सबाई मला ओळखते. म्हणाली, "तू त्या टेकडीवरची ना? तुमच्यातल्या कोणाची तरी टोपी कधीची पडलीय इथं. घेऊन जा बाई, उंदीर खातील."

रुंद काठाची टोपी. मागच्या कडेला लाल ठिगळ.

ती काझूराची टोपी आहे. टेकडीवर लाल ठिगळाची दुसरी टोपी नाही.

मी विचारलं, "कधीची?" नर्सबाई पुस्तक बघून म्हणाली, "केझियाआजीला आणलं होतंत ना, त्या दिवशीची. चार जून. धुकं काय होतं! तो मागं भिंतीशी बसला, पाणी प्याला. मी बाकीच्यांना चहा देईपर्यंत उठून गेला. टोपी राहिली."

चार जून.

परतीच्या वाटेवर दोनदा थांबले. टोपी पिशवीत घातली, मग बाहेर काढली. पिशवीत घालणं म्हणजे लपवणं वाटलं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

साबितीला गाठलं. शिंग वाजवणारा तोच आणि चार जूनला पाणथळापासून पुढे डोलीला होता तोही. त्याला टोपी दाखवली.

"अरे, ही काझूराची!"

"चार जूनला तो डोलीला होता?"

साबितीनं मान खाजवली. "होता असंच वाटत होतं. पाणथळाशी आमच्यातला एकजण घसरला, पाय मुरगळला, आणि धुक्यातून हा आला नि खांदा घातला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, अंगात तो कोट. एक अक्षर बोलला नाही. त्या बाजूनं डोली जरा कलत होती, म्हणून मी चिडलोसुद्धा — नीट धर की रे!"

"मग सभेत का नाही बोललास?"

माझ्याकडे असं बघितलं त्यानं, जसं काही मीच वेडी. "वहीत नव्हतं ना! तू वाचलंस, नाही. मला वाटलं, मग तो दुसरा दिवस असेल. माझं काय डोकं आहे? वही थोडीच चुकते?"

वही थोडीच चुकते!

कळलं सगळं. मी काठ्या वाचते. काठी त्याचीच, जो रुग्णाच्या अंगणातून निघाला. पण जो शेतातून थेट वाटेवर आला, मध्येच डोलीखाली शिरला, त्याची काठी कुंपणात कुठून असणार? मी दोन वर्षं निघालेल्यांची नावं लिहितेय, पोचवलेल्यांची नाही.

आणि एक माणूस, ज्यानं स्वतः आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तो माझ्या अक्षराला घाबरून आपले डोळे खोटे मानतो.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "शिकलेल्यांना भूक कमी लागते वाटतं."

बाबा वही पुसत होते. बघवेना.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

टोपी घेऊन काझूराच्या घरी गेले. तो नाही. सभेच्या दुसऱ्याच दिवशी हद्दीपलीकडच्या बाजाराला निघून गेला, रुसून. महिन्याभरात येईल म्हणे.

केमिरेंबेवहिनी ज्वारी पाखडत होती. पोट केवढं मोठं! मागचं बाळ गेलं होतं, तेव्हाही डोलीनंच नेलं होतं. बाबा पुढच्या खांद्याला होते. बाळ वाचलं नाही, पण ती वाचली.

टोपी तिच्या हातात दिली. तिनं उलटीसुलटी केली, ठिगळावरून अंगठा फिरवला.

"कुठं सापडली गं?"

"दवाखान्यात. वहिनी, खरं सांगा. चार जूनला दादा डोलीला होते?"

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "टोपी दवाखान्यात सापडली ना? मग ती काय स्वतःच्या पायांनी गेली?"

आणि हसली. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, माझी चूक झाली, मी सभेत सांगणार. ती म्हणाली, "सांग बाई. पण लवकर सांग. हे पोर काही सभेची तारीख बघून येणार नाही." मग आंबील दिली. मी नको म्हणत होते. ज्या घराचं शिंग मी बंद केलं त्या घरची आंबील! तरी प्याले. घट्ट होती, चांगली आंबलेली.

१८ ऑक्टोबर, रविवार

बाग्येंडाकाकांकडे गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ चिलीम साफ करत बसले.

"पोरी, एक रेघ आहे ना? इथंच बसून दुरुस्त कर. बरोबरची खूण कर नि मोकळी हो. मी सांगतो, दोनच चुकले होते, मोजायला घोटाळा झाला."

"काका, मी मोठ्यानं वाचलंय. सगळ्यांसमोर."

"म्हणूनच तर! वही चुकते हे एकदा कळलं की पुढच्या सभेत प्रत्येकजण उभा राहील. माझं पण चुकलं, माझं पण चुकलं. पुन्हा दात पडतील. तुझी वही म्हणजे गावाची शांतता आहे, पोरी."

ते वाईट माणूस नाहीत. खरंच शांततेसाठी बोलत होते. तेच मला जास्त जड गेलं.

मी म्हटलं, "जे मोठ्यानं बांधलं ते मोठ्यानंच सोडायला हवं." हे वाक्य आईचं आहे, माझं नाही. काका म्हणाले, "मग एक नोव्हेंबरच्या सभेत सांग. पण तोवर घर बाहेरच. ठराव झालाय. शिंग वाजायचं नाही."

१९ ऑक्टोबर, सोमवार

तेरा दिवस.

२१ ऑक्टोबर, बुधवार

बाबांना सांगितलं. आता नाही सांगितलं तर सभेत त्यांना सगळ्यांबरोबरच कळेल, आणि ते मला चाललं नसतं.

बाबांच्या उजव्या खांद्यावर बांबूनं आलेली गाठ आहे, लिंबाएवढी. विचारात असले की ते ती चोळतात. चोळत राहिले. मग म्हणाले, "मी पण तुझी वही ऐकून मान हलवली होती. मला आठवत होतं, दवाखान्याच्या दारात ती टोपी पाहिली होती मी."

"मग बाबा—"

"तुझं अक्षर होतं ते. मी कसा खोडू?"

रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, गोठ्यात जाऊन.

२५ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेला लक्ष नव्हतं. सभेत काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सुरुवात 'माननीय' नं करू की नको? नको. नुसतं 'चुकलं' म्हणायचं.

पाऊस रोज. उतारावरची माती साबणासारखी झालीय.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

हात अजून दुखतायत, तरी सगळं आजच लिहिते.

सकाळी आई शेतातून धावत आली. "केमिरेंबेला कळा लागल्या. दोन आठवडे लवकर. सुईण म्हणते, आडवं आहे, तिच्या हातचं नाही."

मी साबितीकडे पळाले. शिंग त्याच्या दाराशी टांगलेलं. तो शिंगाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "अध्यक्षांचा शब्द लागतो गं. घर बाहेर आहे. काका तर आज बाजाराला गेलेत."

"साबिती, वही चुकलीय. तुला माहीत आहे चुकलीय!"

"मला माहीत आहे. बाकीच्यांना कुठं माहीत? मी वाजवलं आणि लोक म्हणाले बाहेरच्या घरासाठी वाजवलं, तर उद्या शिंगाला कोण उठेल?"

बरोबर होतं त्याचं. शिंगाचा शब्द एकदा हलका झाला की झालं. मी म्हटलं, "मग तू डोली घेऊन त्यांच्या अंगणात जा. माणसं मी आणते."

आणि मी घरोघर गेले.

सभेसाठी जुळवलेलं एक वाक्यही कामी आलं नाही. प्रत्येक दारात तेच, धापा टाकत: "मी चुकीचं लिहिलं. चार जूनला काझूराच्या घरचा खांदा होता. मी काठ्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत. त्याची बायको अडलीय. चला." एका सभेत एकदा सांगायची भीती वाटत होती मला! तेवीस घरं झाली. तेवीस वेळा सांगितलं. पाचव्या दारापर्यंत लाज वाटत होती. मग लाज वाटायलाही श्वास उरला नाही.

पहिल्या घरानं विचारलं, "अध्यक्ष काय म्हणाले?" दुसऱ्यानं विचारलं, "खात्री आहे?" तिसऱ्या घरापासून कोणी काही विचारलंच नाही. मी 'अडलीय' म्हणायच्या आत माणूस कुदळ टाकून निघालेला. मी त्यांना अजून समजावत होते आणि ते माझ्या पुढे निघून गेले होते!

फक्त एरियाम्हातारा दारात आडवा उभा. "चिटणीसबाई, काल वही खरी, आज तू खरी. उद्या कोण?"

"उद्याचं उद्या भांडू, आजोबा. आज तुमचा मुलगा द्या."

"मुलगा बाजारात गेलाय," असं म्हणून दार लावून घेतलं. मी वळले, तर मागून आवाज: "थांब की! चप्पल तर घालू दे!" आणि म्हातारा स्वतः निघाला. सत्तरीचा माणूस. वाटभर मला बोलत होता. शिकलेल्या पोरी, ओले उतार आणि सरकार, तिघांनाही एकाच दमात शिव्या.

एकतीस माणसं. शिंग न वाजता एकतीस! केझियाआजीच्या वेळी शिंग वाजून चोवीस आली होती. हे मी इथं लिहून ठेवते. कधी माझ्याच लोकांबद्दल मन खट्टू झालं तर वाचायला.

आज मी काठ्या मोजायला मागे थांबले नाही. डोलीबरोबर गेले. बायका जात नाहीत. पण कोणी अडवलं नाही, घाई होती. डोलीबरोबरची वाट पहिल्यांदा पाहिली मी. मी दोन वर्षं जिची हजेरी लिहितेय ती वाट! पुढचा माणूस ओरडतो, "दगड!" मागचे तिघं म्हणतात, "पाहिला!" "पाणी!" "पाहिलं!" खांदा बदलताना डोली एक बोटही खाली जात नाही. बाबा पुढच्या उजव्या बाजूला. मान ताठ, पायांना जशी मुळंच फुटलेली. माझे बाबा!

पाणथळाच्या अलीकडच्या उतारावर मागच्या एकाचा पाय सटकला. तो गुडघ्यावर आला, बांबू खाली जायला लागला. मी शेजारीच होते. विचार न करता खांदा लावला. केवढं ओझं! बाबा मागं वळून ओरडले, "बाजूला हो, तुशाबे! बायकांचं काम नाही हे! तोल जाईल!" मी झटकन बाजूला झाले, दुसरा माणूस आला.

आणि डोलीतून हसण्याचा आवाज आला. इतक्या कळांमध्ये केमिरेंबेवहिनी हसत होती. वेदनेनं माणूस भ्रमतं, तसं असेल.

पाणथळ ओलांडलं, चढ चढलो. दवाखान्याच्या दारात मी वही काढली आणि पोचलेल्यांची नावं लिहिली. एक एक तोंड बघून. एरियाम्हातारा म्हणाला, "माझं नाव मोठ्या अक्षरात लिही."

नर्सबाईनं गाडी बोलावून पुढच्या इस्पितळात नेलं. मागून आलेली आई सोबत गेली.

बातमी अजून नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

मुलगी! दोघी बऱ्या आहेत. निरोप दुपारी आला. साबितीनं कोणालाच न विचारता शिंग वाजवलं. शिंग फक्त आजारपणाला वाजतं, त्यामुळे सगळी टेकडी घाबरून धावत आली. मग कळल्यावर त्याला मारायलाच उठले! मी इतकी हसले की पोट दुखलं.

१ नोव्हेंबर, रविवार

सभा. उभी राहिले. वही एका हातात धरली. थरथरली तर थरथरू दे.

"चुकलं," म्हटलं. कसं चुकलं तेही सांगितलं. मग म्हटलं, "माझी वही तुमच्या डोळ्यांपेक्षा मोठी नाही. वाचताना चुकलं असं वाटलं तर जागच्या जागी बोला. आणि दुसरा चिटणीस नेमायचा तर नेमा."

एरियाम्हातारा: "दुसरा कुठून आणायचा? आम्हांला सगळ्यांना मिळून एकच मुलगी शिकवता आली!"

केवढा हशा! 'आम्हांला' म्हणाला तो. शाळेत मला बाबांनी पाठवलं. पण खरं सांगायचं तर, काबालेला जाताना माझी पेटी पाणथळापर्यंत कोणी कोणी उचलली होती, ते आठवलं. त्यात एरियाही होता.

बाग्येंडाकाका उठले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "गुरुवारी शिंग वाजलं नाही आणि एकतीस माणसं आली. मी अध्यक्ष, मी बाजारात डुक्कर बघत होतो. मला लाज वाटली आणि छातीही फुगली, दोन्ही एकदम." मग नवा नियम मांडला: शिंग प्रत्येक घरासाठी वाजेल. आतलं, बाहेरचं, भांडलेलं, रुसलेलं. आधी डोली, हिशेब नंतर, आणि त्याची शिक्षा आजाऱ्याला कधी नाही. जो येत नाही त्यानं बायकांबरोबर शेत निंदायचं. पुरुष कुरकुरले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला. आता चिटणीस दवाखान्याच्या दारात हजेरी घेईल.

काझूराच्या नावापुढे चार जूनची खूण केली. पण पेन्सिलीनं. साबितीनं पाहिलं, टोपी सापडली, सगळं खरं. तरी काझूराच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय शाई नाही. एकदा चुकले, पुन्हा नाही.

बाबांनी घरी आल्यावर वही पुसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

१४ नोव्हेंबर, शनिवार

काझूरा परत आला. मुलीला छातीशी धरून अंगणभर फिरतोय, सगळ्यांना नाक दाखवतोय — "माझंच आहे बघा!" मी शाईचं पेन घेऊनच गेले होते. विचारलं, "दादा, चार जूनला पाणथळापासून तुम्हीच होतात ना?"

त्याचं हसू गेलं. टोपी काढून हातात फिरवत राहिला. म्हणाला, "टोपी माझी आहे. बाकीचं तिला विचार."

ती झोपली होती. उद्या जाईन.

१५ नोव्हेंबर, रविवार

"टोपी त्यांची," केमिरेंबेवहिनी म्हणाली. "डोकं माझं."

काझूरा त्या दिवशी हद्दीपलीकडे होता. ती पाणथळाशी बटाटे काढत होती, थंडी म्हणून त्याचा कोट घालून. चौथा महिना. धुक्यातून डोली आली, एकजण घसरला, केझियाआजी कण्हली. "मी काही ठरवलं नाही गं. जागा रिकामी दिसली." सभेत तीच खोकली होती. नवऱ्याला आयुष्यभर हसले असते सगळे.

बांबूखालून मला हाकललं तेव्हा डोलीत ती का हसली, ते आज कळलं.

मी विचारलं, लिहू?

"लिही. आता हसू देत. पण पेन्सिलीनं नको."

घरी येऊन काझूराच्या नावापुढची खूण खोडली. एकेचाळीस पुरुषांच्या नावांखाली बेचाळिसावी ओळ आखली. केमिरेंबे. चार जून, हजर.

त्याखाली अजून एक ओळ आखून ठेवलीय. पुढचं शिंग वाजेल तेव्हा बाबा कितीही ओरडू देत.